वहिनीला आणायला वाल्टेरला

वहिनी गेल्याचे कळले त्याला आता महिना होईल. तिच्या शेजारणीने फोनवर हिंदीत तेलुगू मिसळून सांगितले आणि मी नुसते "अच्छा, अच्छा" म्हणत राहिले. माझे वय आता दीड दिवसाच्या प्रवासाचे नाही, म्हणून गेले नाही. रोज चार ओळी लिहिते आणि थांबते. तिच्याविषयी लिहायला बसले की आम्ही तिला आणायला गेलो होतो तेच दिवस समोर येतात. आम्ही म्हणजे बाबा आणि मी.

माझा मोठा भाऊ विशाखापट्टणच्या बंदरात नकाशे काढण्याच्या कामावर होता. नागपूरकडे आम्ही त्या गावाला वाल्टेर म्हणत असू, कारण स्टेशनचे नाव तेच होते. लग्न होऊन पाच वर्षे झाली होती. मूल नव्हते. एका पावसाळ्यात कावीळ झाली आणि तो गेला. आम्ही पोचेपर्यंत तिथल्या लोकांनी सगळे उरकले होते. दिवस मात्र आमच्या गावी, खाप्याला, कन्हान नदीच्या काठी झाले. त्यानंतर वहिनी तिच्या भावाबरोबर परत वाल्टेरला गेली. क्वार्टर रिकामे करायचे आहे, कागदांवर सह्या करायच्या आहेत, असे सांगून गेली. दिवाळी झाली, संक्रांत झाली, ती आली नाही.

तेव्हा आई लकव्याने अंथरुणाला खिळलेली होती. उजवी बाजू गेली होती आणि बोलणे अर्धेमुर्धे समजे. तिचे सगळे मी करत होते. एम.ए. होऊन दोन वर्षे झाली होती. त्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका महाविद्यालयातून मला बोलावणे आले. जागा मराठीची होती आणि फेब्रुवारीअखेर कळवायचे होते. घरात यावर कोणी बोलले नाही, पण प्रत्येकाला ठाऊक होते की वहिनी घरी आली तरच मला जाता येईल. माघ लागला तेव्हा बाबा म्हणाले, "चाल, सुनेले घेऊन येऊ." कामठीहून मावशी आठवडाभरासाठी आईजवळ येऊन राहिली आणि आम्ही निघालो.

मी का बरोबर हवी, हे सांगायला हवे. आमच्या घरात सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नसत. भांडण काही नव्हते, रीतच होती. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून बाबांसमोर पदर डोक्यावर घेऊन उभी राही आणि दोघांमध्ये आई बोले. आईची वाचा गेल्यावर ते काम माझ्याकडे आले. तिघे एका खोलीत असलो तरी बाबा मला म्हणत, "तिले म्हण, भाजीत मीठ कमी हाय," आणि वहिनी हातभर अंतरावरून मला सांगे, "त्यांना म्हणावं, डॉक्टरनं कमीच सांगितलंय." मी काही म्हणायच्या आत बाबा मान हलवून पुढचा घास घेत.

रायपूरला गाडी बदलली आणि मग ती प्यासिंजर. टिटलागड, रायगडा, एकेका स्टेशनात ती अशी थांबे की इथेच तिचे घर असावे. डोंगर आले, बोगदे आले, धूर आत आला. बाबा बाकावर मांडी घालून बसले होते, जेवायचे सोडून पाय खाली टाकत नव्हते. मी पुस्तक उघडले होते. एकाच पानावर रायपूर ते रायगडा झाले.

वहिनी स्टेशनावर आली होती. आम्हाला पाहताच तिने पदर घेतला. बाबांनी तिच्याकडे न पाहता मला विचारले, "बारीक झाली काय वं ते?" वहिनी मला म्हणाली, "नाही म्हणावं. जेवते मी."

गाव लाल होते. बस्तरकडून येणारा लोखंडाचा दगड बंदरात जहाजांत भरत आणि त्याची धूळ दोरीवरच्या कपड्यांवर, खिडकीच्या गजांवर, क्वार्टरच्या पायरीवर बसलेली असे. बाबांचे धोतर पहिल्याच दिवशी भगवे दिसू लागले. खोलीत पाहिले तर काहीच बांधलेले नव्हते. भावाचा नकाशे काढायचा फळा, त्याच्या पेन्सिली, भिंतीवरची त्याची छत्री, सगळे जागच्या जागी होते. बाबांनी सगळीकडे नजर फिरवली.

"तिले विचार, सामान कवा बांधते?"

"त्यांना म्हणावं, आत्ताच तर आले. एकदा गाव तर पाहा."

असे गाव पाहणे सुरू झाले. बाबांना सुनेच्या घरी येऊन तिला घाई करणे बरे वाटेना, आणि वहिनी रोज नवे काही दाखवायला काढी. मच्छीमारांचा धक्का दाखवला. तिथे पांढऱ्या डोक्याच्या, विटकरी रंगाच्या घारी माणसांच्या खांद्यांवरून मासे उचलत. माझ्या नाकाला पदर, बाबांच्या नाकाला उपरणे. वहिनी मात्र एका कोळणीजवळ थांबून तेलुगूत काहीतरी बोलली, आणि ती बाई बोलता बोलता रडू लागली. टेकडीवर नेले. तिथून खोल पाण्यात काळ्या पाठी वर येऊन बुडताना दिसल्या. "मासे नाहीत ते," वहिनी म्हणाली. "त्यांना श्वास घ्यायला वर यावं लागते." डॉल्फिनांविषयी मी वाचलेले होते. पाहताना मात्र मला फक्त झोप येत होती.

गावाबाहेरच्या किनाऱ्यावर सकाळी सकाळी गेलो तेव्हा बाबा प्रथमच खुलले. मैलोगणती वाळू पाहून ते खाली बसले आणि मूठभर हातात घेतली. कन्हानच्या पात्रात त्यांची डांगरवाडी असे. उन्हाळ्यात रेतीत आळी करून डांगरे, म्हणजे खरबुजे लावायची, भोवती काट्याचे कुंपण घालायचे, कोल्ह्यांना हाकलायचे.

"एवढी रेती पडीक!" ते म्हणाले. "काहून काही लावत नाही हे लोक?"

"त्यांना म्हणावं, खारी आहे."

बाबांनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकले. "हाव."

वाळूवर खेकड्यांची बिळे होती. तांबडे खेकडे डोळे वर करून उभे राहत आणि आपण पाऊल उचलले की नाहीसे होत. पुढे पाण्यापासून वर गवतापर्यंत एक रुंद पट्टा उमटला होता, दोन्ही बाजूंना ओरखडे.

"इथून कोनी डांगराचं पोतं ओढून नेलं," बाबा म्हणाले.

"त्यांना सांगा ताई, पोतं नाही. कासवीण आली होती अंडे घालाले."

"तिले म्हण, एवढी मोठी कासवीण नसते."

"त्यांना म्हणा, परातीएवढी असते. तुमच्या भावानं मले दाखवली होती."

त्यावर बाबांनी वाकून पाहिले. पट्ट्याच्या कडेने वरपर्यंत गेले, उकरलेल्या जागेजवळ उभे राहिले. "अन् आता कोठी हाय ते?" त्यांनी विचारले. वहिनीने समुद्राकडे हात केला.

त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर होते आणि आम्ही दोघी स्टोव्हपाशी. वहिनी हळू आवाजात म्हणाली, "ताई, मले इथल्या कचेरीत नोकरी दिली. आवक-जावकला. एक तारखेपासून जायचं हाय."

मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

"तुम्ही सांगा मामाजींना. मी कशी सांगू?" तिने ओट्यावरच्या बाबांकडे मान केली.

"सांगते," मी म्हणाले.

"अमरावतीचं काय झालं?"

"पाहू."

ती बराच वेळ स्टोव्हला पंप मारत राहिली. "मी आली तर तुम्ही सुटता, हे मले कळत नाही असं नाही."

ती बोलली ते खरे होते आणि त्यात रागावण्यासारखे काही नव्हते. पण आता ते वाक्य मलाच घेऊन बाबांपुढे जायचे होते. वहिनी येणार नाही, म्हणजे मी कुठे जाणार नाही, हे माझ्याच तोंडाने. त्या रात्री सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगू म्हटले, तर बाबा म्हणाले, "मले समुद्रावर जायचं हाय. त्याले पानी देतो. त्यानं इथंच जीव सोडला."

किनाऱ्यावर आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हते. सूर्य पाण्यातून नुकता वर आला होता. बाबांनी पाण्याच्या कडेला चपला काढल्या, धोतर खोचले, टोपी तशीच ठेवून गुडघाभर पाण्यात गेले. ओंजळीने पाणी घेऊन सोडले, पुन्हा घेतले, पुन्हा सोडले. ओठ हलत नव्हते. मग ते वळले आणि किनाऱ्याकडे चालू लागले. नदीवर आमचे असेच असते. पाणी देऊन झाले की पाठ फिरवायची आणि मागे पाहायचे नाही. गेलेल्याचा पाय अडकतो म्हणतात. बाबा त्याच संथ चालीने येत होते आणि त्यांच्यामागे पाणी उभे राहत होते. मी ते पाहिले आणि मला काही समजले नाही. कन्हान कधी मागून येत नाही.

"मामाजी!"

मी वळून पाहिले. वहिनी धावत होती. पदर खांद्यावरून उडालेला.

"मामाजी, पाठ नका देऊ! मागं पाहा! माह्याकडं नाही, पान्याकडं पाहा!"

बाबा पाण्याकडे पाहण्याऐवजी थक्क होऊन तिच्याकडेच पाहत राहिले, आणि लाट त्यांच्या गुडघ्यांच्या मागे बसली. ते पडले. पाणी परत जाताना त्यांना आत ओढू लागले, तेवढ्यात वहिनीने त्यांचे कोपर धरले आणि स्वतः वाळूत टाचा रोवून बसली. मी दुसरा हात धरला तोवर खरे म्हणजे काम झाले होते.

तिघे वर येऊन बसलो. बाबा खोकत होते, मिशीत वाळू. टोपी आणि चपला दोन्ही गेल्या होत्या. थोड्या वेळाने टोपी आपोआप वर आली आणि फेसात पडून राहिली.

"पाह्य," बाबा म्हणाले. "वापस देते हा. नदी तर नेते ते नेतेच."

"टोपी देते, मामाजी. चपला नाही देत," वहिनी म्हणाली.

बाबा हसले. वहिनीने त्यांचे कोपर अजून धरलेले होते आणि डोके उघडे होते. बाबांनी माझ्याकडे तोंड केले. "तिले विचार," असे म्हणाले, आणि थांबले. मग तिच्याकडेच वळले.

"येतेस ना वं घरी?"

"नाही, मामाजी."

"काहून?"

तिने नोकरीचे सांगितले. बाबांनी हात हलवला. "नोकरीचं राहू दे. काहून, ते सांग."

ती वाळूकडे पाहत बोलली. "खाप्याले सारे त्यांच्या लहानपणचं सांगतात. झाडावरून पडले, शाळेतून पळाले. तो पोरगा मी पाहिलाच नाही. मी ज्यांच्यासंग राहिली त्यांना तिथं कोनी वळखत नाही. इथं वळखतात. मासेवाली वळखते, कचेरीतला शिपाई वळखतो. रोज कोनी ना कोनी काही सांगते. तिथं आली तर मी बोलू कोनाशी?"

बाबांनी मिशीतली वाळू झटकली. खेकडे पुन्हा बाहेर आले होते.

"एकटी राहशीन?"

"एक नर्स हाय ओळखीची. दोघी मिळून राहू."

"भाकर मिळते इथं?"

"भातच मिळते. येसान तवा जवारी घेऊन या."

"हाव," बाबा म्हणाले. "जवारी आनतो."

मी तिथेच बसले होते, ओल्या साडीत. ते दोघे ज्वारीविषयी, नर्सच्या स्वभावाविषयी, पावसाळ्यात क्वार्टर गळते का याविषयी बोलत होते. पाच वर्षांचे साचलेले बोलणे होते ते. कोणी मला "त्यांना म्हणावं" म्हणाले नाही. मला बरे वाटले, आणि फार थकल्यासारखेही वाटले. पुढे होऊन तिचा हात धरावा आणि "मग माझे काय?" असे म्हणावे, एवढी शक्ती नव्हती. आणि विचारायचे तरी कोणाला? तिने आपले मागितले होते. तेवढे मागायचा तिला हक्क होता.

निघायच्या दिवशी वाल्टेरच्या फलाटावर वहिनी खिडकीशी उभी राहून बाबांना औषधाच्या वेळा सांगत होती. पदर डोक्यावर होता, बोलणे मात्र सरळ. माझा हात तिने गजांतून घट्ट दाबला.

गाडीत बाबा नव्या रबरी चपला काढून मांडी घालून बसले. टिटलागडच्या पुढे कुठेतरी म्हणाले, "तुह्या कॉलेजाले लिहून टाक. दोन महिने थांबा म्हन."

"थांबत नाहीत बाबा ते."

"लिहून तर पाह्य." आणि थोड्या वेळाने, खिडकीबाहेर पाहत, "मी तुह्याचसाठी आलो होतो."

"माहीत आहे," मी म्हणाले.

खाप्याला पोचलो तेव्हा सकाळ टळून गेली होती. घरात आईच्या खोलीतून मलमाचा वास येत होता. मावशी पिशवी भरून दारातच बसली होती. आईने आमच्या मागे पाहिले, दाराकडे, आणखी कोणी आत येते का ते.

"ते... आली?"

"नाई आली," बाबा खाटेच्या कडेला बसत म्हणाले. "तिथंच राह्यते म्हनते. चांगली हाय. माह्यासंगही बोलली." बाबांना हे सांगताना अभिमान वाटत होता हे आईला कळले की नाही कोण जाणे.

आईने मान माझ्या बाजूला वळवली. मग डावा हात पांघरुणातून काढून तिने माझ्याकडे बोट केले.

"मंग... इचं?"

बाबा तिचा तो हात धरून नुसते बसले. कामठीची बस चुकू नये म्हणून मी आधी मावशीला चहा ठेवला. मग साडीचा पदर खोचला आणि आईची कूस बदलली.