बेनकाकांची रिकामी फ्रेम

मागच्या महिन्यात मी ट्रेनमध्ये असताना ग्रेसचा फोन आला. "डॅड सकाळी गेले," ती म्हणाली. "फ्रेम तू घेऊन जा. त्यांनी सांगून ठेवलंय."

ग्रेसचे वडील म्हणजे माझे बेनकाका, मूळचे फिलिपिन्सचे. मास्टर्ससाठी सिडनीला आलो तेव्हा पेंडल हिल या उपनगरात त्यांच्या घरी मी दोन वर्षं भाड्याने राहिलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. इथे बँकेत कसं बोलायचं इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांच्या हॉलमध्ये एक रिकामी फ्रेम होती. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत की स्पॅनिश राजवटीत कर भरल्याचा दाखला कायम जवळ ठेवावा लागे, नसला की शिपाई धरून नेत. बंडात उतरताना लोकांनी ते दाखले फाडून टाकले. "माझ्या आजोबांनीही फाडला. आता फ्रेममध्ये काय लावू?" पाहुणे हसत, मान डोलावत. मला मात्र प्रश्न पडत. दाखल्याशिवाय आजोबा बाजाराला कसे जात? कुणीच कसं धरलं नाही? काका वैतागत, "पोरा, तू पोलिसात जायला हवं होतंस!"

गेल्या वर्षी इथल्या फिलिपिनो लोकांच्या मंडळाने त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या प्रदर्शनासाठी ती फ्रेम मागितली. काकांनी मला बोलावून घेतलं आणि फ्रेमची पाठ उघडली. आत दाखला होता, अख्खा.

"आजोबांनी स्वतः दाखवला होता. मी आठ वर्षांचा होतो, काहीच विचारलं नाही... आणि जन्मभर खोटं सांगत आलो."

आमच्याकडे जातीचा दाखला पत्र्याच्या डब्यात असे. घर गळायला लागलं की बाबा आधी तो डबा उचलत, मग धान्य. त्या कागदावरच मी शिकलो. कागद जपणारा माणूस मला भित्रा वाटेना, म्हणून घाईने म्हणालो, "हाच दाखवून ते चौकीपलीकडे बंडवाल्यांना तांदूळ पोचवत असतील!"

काका खळखळून हसले. "मी त्यांना एकदा हिरो केलंय. आता तू नको करूस."

प्रदर्शनात दाखला फ्रेममध्ये लागला. खाली काकांची चिठ्ठी होती : माझ्या आजोबांनी हा फाडला नाही. का, ते मी विचारलं नाही. त्यानंतर दोन जुन्या मित्रांनी त्यांना पत्त्यांच्या डावाला बोलावणं सोडलं. काकांनी चिठ्ठी काढली नाही.

दाखला ग्रेसने ठेवून घेतला. फ्रेम माझ्याकडे आली, पुन्हा रिकामी, पण चिठ्ठीसकट. परवा त्या फ्रेमसमोर बसून गावी फोन लावला.

"बाबा, आपला दाखला काढायला तुम्ही तालुक्याला किती खेपा घातल्या?"

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"बसलायस ना नीट?" बाबा म्हणाले. "वेळ लागेल सांगायला."