भोपळ्यावरचा पहिला घाव

"माजा हात काय मोडलाय?"

आमच्या तळमजल्यावरच्या काकींचं हे उत्तर ठरलेलं. बादली उचलू का, गेट उघडू का, रिक्षातून पिशव्या उतरवू का, असं कोणी विचारलं की त्या आधी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळत, मग उजवा हात पुढे करून दाखवत आणि हे वाक्य ऐकवत. तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमचं नशीब जरा कमीच म्हणायचं.

रोडपालीतल्या आमच्या सोसायटीत माती म्हणावी अशी जागा एकच: इमारतीची मागची भिंत आणि कंपाउंड यांच्यामधली पट्टी, रुंदीला बाजेएवढी. कमिटीला तिथे पेव्हर ब्लॉक बसवून स्कूटर लावायच्या होत्या. ब्लॉक आलेसुद्धा. त्याआधी काकींनी तिथे भोपळ्याचा वेल लावला होता. मग दरवर्षी एक वेल, वेलावर एकच फळ, आणि ते फळ शेवटी इतकं फुगे की चौघांनी चादरीत घालून उचलावं. ब्लॉक कोपऱ्यात रचून राहिले.

जागा नाही म्हणून काकी वेल नागमोडी फिरवत आणि पेऱ्यापेऱ्यावर माती चढवत. एक फळ जोमाने धरलं की बाकीची कोवळी खुडून भाजीला वाटून टाकत. घरोघरच्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी त्यांच्याकडे जाई. पावसात फळ कुजू नये म्हणून खाली फरशीचे तुकडे, त्यावर पेंढा आणि वर काळी छत्री. मादीफूल उमललं की सकाळीच नरफूल तोडून त्यावर टेकवायचं आणि आगरी लग्नात बायका गातात तो धवला गुणगुणायचा. फिरायला निघालेले चेअरमन एकदा थबकले, तर म्हणाल्या, "लगीन लागतंय. अक्षता नाय, निदान उबं तरी ऱ्हावा." चेअरमन खरंच उभे राहिले.

वेलाला त्या मासे धुतलेलं पाणी घालत, आणि नेमकी आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच्या वर. माझ्या सासूबाई कांदासुद्धा चातुर्मासात न खाणाऱ्या. त्यांचं आणि काकींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. सासूबाई खिडकी आपटून लावत. उजवा हात कधीकाळी मनगटात मोडून वाकडा जुळलेला, तरी आपटण्यात कसूर नसे.

पण खरं भांडण वासाचं नव्हतं. पहिल्या वर्षी काकींनी भोपळा नवरात्रातल्या भंडाऱ्याला दिला. चेअरमन कोयता घेऊन पुढे झाले, कारण अख्खा भोपळा बाईने फोडायचा नाही, ही रीत तुम्हालाही ठाऊक असेल. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. पहिला घाव पुरुषाचा, मग बायकांनी हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. काकींनी त्यांच्या हातून कोयता काढून घेतला. वरून सासूबाई ओरडल्या की अपशकुन करू नका. काकींनी वर पाहिलंच नाही. कोयता सालीत रोवला, त्याच्या पाठीवर वरवंटा हाणला आणि भोपळा दुभंगला.

त्या दिवशी निम्म्या सोसायटीने भाजीला हात लावला नाही. काकी पंगतीत एकट्या मांडी घालून बसल्या आणि भाजी दोनदा मागून घेतली.

नंतर एकदा मी विचारलं, एवढा हट्ट कशाला? काकींचा नवरा तरुणपणी गेला, पदरी दोन मुली. मुली लहान असतानाच दिरांनी शेत आपल्या नावावर करून घेतलं. त्या भांडायला गेल्या तेव्हा दीर काय म्हणाले, ते त्यांनी मला कोयत्याला धार लावता लावता सांगितलं. "बोलला, तुज्या घरात भोपला फोडाया गडी नाय, तू शेत काय राखशील? त्या दिवशी घरी आले नि माल्यावरचा भोपला फोडला. काय नाय झाला. पोरी जेवल्या, झोपल्या." शेत गेलं ते गेलंच. आता त्यावर इमारती आहेत. पण त्या दिवसापासून त्यांच्या घरातला भोपळा दुसऱ्या कोणी फोडला नाही.

वर्षागणिक भाजी खाणारे वाढले. सासूबाई मात्र एकदाही पंगतीला खाली आल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात काकींना ताप आला. दवाखान्यात नेलं, त्या परत आल्या नाहीत. उरणहून मुली आल्या, रडल्या, घराला कुलूप लावून गेल्या. वेलावरचं फळ तेव्हा घागरीएवढं होतं. मला वाटलं, आता ब्लॉक बसणार. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. कोणाचा ते कळेना.

दुसऱ्या दिवशी आमची फिल्टरची बादली जागेवर नव्हती. खिडकीतून पाहिलं तर सासूबाई खाली छत्री सरळ करत होत्या. आठवड्याने शेजारणीने सांगितलं, "तुमच्या आई माझ्याकडे मासे धुतलेलं पाणी मागायला आल्या होत्या. नाकाला पदर लावून."

भंडाऱ्याच्या दिवशी चौघांनी भोपळा चादरीतून आणला. चेअरमन म्हणाले, यंदा काकी नाहीत, तेव्हा रीतीप्रमाणे होऊ द्या. सासूबाई बायकांमधून उठल्या आणि कोयता घेऊन भोपळ्यापुढे बसल्या. मला म्हणाल्या, "वरवंटा आण."

कोयता सालीत रुतला आणि तिथेच अडकला. दुसरा घाव बसला, तिसरा बसला, तरी हलेना. वाकड्या मनगटाला कळ लागली असावी, कारण त्यांनी डोळे मिटले. चेअरमन अदबीने वाकले, "आजी, द्या इकडे."

सासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"माझा हात काय मोडलाय?"

तो मोडलेला होता हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. कोणी हसलं नाही. पुढच्या घावाला भोपळा उघडला. सासूबाईंनी आधी बिया पदरात काढून घेतल्या, मग बायकांना फोडी करायला सांगितलं.

पंगतीत त्या पहिल्या बसल्या आणि भाजी दोनदा मागून घेतली.