धरा आणि सोडा

“आणखी एकदा मला कुशीवर वळवलंस ना, तर ओरडून सगळी बिल्डिंग गोळा करीन,” सासूबाई म्हणाल्या. “सकाळपासून चौथी खेप! मी माणूस आहे की गादी?”

“शेवटचं, आई. फक्त ‘गुडघा वाकवा’ राहिलंय.”

“माझा गुडघा सहा वर्षं झाली, वाकत नाही. कुठल्याच भाषेत.”

मुलगी खुदकन हसली. नवरा हसला नाही. त्याच्या हातात चाळीस वाक्यांचा कागद होता. “आईला सोड आणि इथे खुर्चीवर बस. परवा तोंडी परीक्षा आहे, कुस्ती नाही.”

ती बसली, पण पाय हलतच राहिला.

हॉस्पिटलच्या हाडांच्या वॉर्डात आया म्हणून एकोणीस वर्षं काढल्यावर डॉक्टरांपासून पेशंटपर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. बेचाळिसाव्या वर्षी ती ऐंशीच्या आजोबांचीही मावशी होती. अलीकडे निम्म्या खाटांवर नदीपलीकडची माणसं असत. त्यांची भाषा वेगळी. मावशीने खाणाखुणांनी दोन वर्षं निभावलं. मग शेजारच्या वॉर्डात कुणीतरी ‘धरा’ म्हणायच्या ऐवजी त्यांच्या भाषेत ‘सोडा’ म्हटलं, आणि तिथल्या एका आजोबांनी मुकाट्याने कठडा सोडला. पडले. त्या भाषेत दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे सारखेच ऐकू येतात. मेट्रनबाईंनी फर्मान काढलं: सगळ्या मावश्यांची परीक्षा. जी दोनदा नापास होईल, तिची बदली तळघरातल्या लाँड्रीत.

चादरींशी मावशीचं वैर नव्हतं. पण चादर कण्हत नाही, शिव्या देत नाही, घरी जाताना हात धरून रडत नाही. तिथे आठ तास गप्प राहायचं, या विचारानेच तिला गुदमरायला होई.

एकदा ती नापास झालीच होती. मेट्रनच्या केबिनमध्ये हात टेबलावर ठेवून बसली आणि दातखीळच बसली. शेवटी ‘धरा’ विचारलं, तर ‘सोडा’ म्हणाली. आणि त्याच दुपारी अकरा नंबरच्या आजोबांच्या काखेत हात घातला, तेव्हा बरोबर शब्द न बोलावता तोंडातून बाहेर पडला. आजोबांनी कठडा घट्ट धरला.

फिजिओथेरपीवाली पोरगी पाहत होती. “मावशी, तुम्ही हे शब्द पेशंटला उचलता उचलता शिकलात. डोक्यात ते त्या हालचालीलाच चिकटलेत. हात हलला की शब्द जागा होतो.”

“मग डोक्याला सांग, खुर्चीवर पण जागं राहा म्हणावं.”

तेव्हापासून घरात कुणाला चैन नव्हतं. ती बादली उचलताना त्या भाषेत ‘उचला’ म्हणे, कपाट सरकवताना ‘सरका’. एकदा ‘सोडा’ म्हणत तिने नवऱ्याच्या हातातला चहाचा कप ओढला. त्याने सोडला नव्हता. शर्ट धुवावा लागला.

“हात मांडीखाली घे,” आता तो म्हणाला. “हां. ‘श्वास घ्या’?”

तिने सांगितलं.

“‘पाय लांब करा’?”

तेही आलं, अडखळत. तळहातांना मुंग्या यायला लागल्या.

“‘धरा’?”

तिने वर पाहिलं. पंख्याकडे, मग दाराकडे. शब्द घशापर्यंत आला आणि मागे फिरला. भलताच बाहेर आला.

“पुन्हा ‘सोडा’!” त्याने कागदावर पेन्सिलीने फुली मारली. “पडला बघ तुझा पेशंट.”

“बाबा!” मुलगी म्हणाली.

मावशी उठली. खिडकीपासून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, “अगं, एका जागी थांब, मला गरगरायला लागलं.” तिने पायांत चपला सरकवल्या आणि दार ओढून घेतलं. मेट्रनबाईंचं क्वार्टर दहा मिनिटांवर होतं.

तासाभराने ती आली, तेव्हा तिघं तशीच बसली होती.

“कुठे गेली होतीस?”

“मेट्रनबाईंकडे.”

“काय म्हणाल्या?”

“नियमात बसत नाही म्हणाल्या. बघते म्हणाल्या.”

“काय बघणार?”

तिने ओढणी खुंटीला लावली.

“परवा मी खुर्चीवर बसणार नाही. अकरा नंबरच्या खाटेशी, पेशंटला हात लावून परीक्षा घेतली तर देईन. नाही तर सोमवारपासून लाँड्रीत जाईन. पण बसून देणार नाही.”