नदीत पाणी सोडणार

'विसर्ग' म्हणजे माझ्या लेखी 'दुःख' या शब्दातले दोन ठिपके. मुंबईत एका छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासली. हे ठिपके लेखक विसरायचे आणि मी घालायचे. निवृत्त होऊन बोर्लीच्या पलीकडे, गावी, आमच्या सुपारीच्या वाडीत राहायला आले आणि एका मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हाच शब्द भलत्याच कामाला जुंपलेला दिसला.

'प्रकल्पाच्या द्वारदुरुस्तीच्या अनुषंगाने उर्वरित जलसाठ्याचा नियंत्रित विसर्ग नदीपात्रात करण्यात येणार असून, पात्रालगतच्या सर्व संबंधितांनी यथोचित सतर्कता बाळगावी.'

गावाच्या वर डोंगरात एक लहानसं धरण आहे. त्याचा लोखंडी दरवाजा गळत होता. पावसाळ्याआधी तो बदलायचा, म्हणून तळाशी उरलेलं पाणी नदीत सोडून द्यायचं होतं. गावात नळाला दोन दिवसांआड पाणी येत असताना हे पाणी समुद्राला देऊन टाकायचं होतं, आणि ही गोष्ट सरळ शब्दांत सांगणं कुणालाही जडच गेलं असतं. म्हणून 'विसर्ग'.

मी फळ्यासमोर उभी राहून हसत होते. ग्रामसेवक बाहेर आले.

"मॅडम, हसू नका. वरून आलं तसं लावलंय."

"तुम्हाला कळलं का?"

"नाही. पण सही केलीय."

"आणि 'सर्व संबंधित' म्हणजे कोण?"

"ते कुणी मेल्याशिवाय ठरत नाही," ते म्हणाले. तरुण माणूस, पण नोकरीत मुरलेला. मग डोकं खाजवत म्हणाले, "उद्या रिक्षावरून भोंग्यानं पण सांगायचंय. तुम्हीच लिहून द्या ना सोप्या भाषेत. तुमचं आयुष्य गेलंय यात."

मला हेच हवं होतं. सरकारी मराठीला नावं ठेवण्यात माझी बरीच वर्षं गेली होती, आणि आता सरकार स्वतः कागद घेऊन दारात उभं होतं. घरी येऊन मी पहिला मजकूर लिहिला. त्यात धरण होतं, दरवाजा होता, दुरुस्ती होती. मग कापायला घेतलं. दुरुस्ती कशाला? लोकांना कारण नको, वेळ हवी. 'धरणातलं' कशाला? पाणी दुसरीकडून कुठून येणार? शेवटी अकरा शब्द उरले:

'आज दुपारी चार वाजता नदीत पाणी सोडणार आहेत. सर्वांनी जपून राहावे.'

रिक्षावाला कागद न्यायला आला. एरवी तो बोर्लीच्या बाजारातल्या साड्यांच्या सेलची आणि मोबाइलच्या दुकानाची जाहिरात करत फिरतो. गावात कुणी गेलं तरी तोच सांगतो, आणि आवाज तिन्हींना एकच. त्यानं कागद वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं.

"एवढंच? शेवटी 'तरी सर्वांनी लाभ घ्यावा' घालू?"

"खबरदार."

"नाय, सवय असते. त्याच्याशिवाय तोंड मिटत नाय माझं."

मी त्याच्याकडून ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं. त्या रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून रिक्षा फिरत होती. आमच्या मागच्या पडवीत सुपारी सोलायला वरच्या वाडीतली एक बाई येते. माझ्याच वयाची. तिची बोटं माझ्या नजरेपेक्षा जलद चालतात. भोंगा रस्त्यानं गेला तशी तिनं मान वर केली.

"ऐकलंस ना गं?" मी विचारलं.

"ऐकला की. बरा झाला, आदी सांगितलान. न्हायतर आमाला कोन सांगतो?"

मला इतकं बरं वाटलं की मी तिला दुसरा चहा दिला.

तीन वाजून गेले असतील. ती अंग झटकून उठली आणि पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या आपल्या दोन कळश्या उचलल्या.

"आज लवकर?"

"सून गेलीय नंबर लावायला. मला जाया पायजे, चार वाजता पानी सोडनार हायत ना."

"नंबर कसला?"

"असा काय करता बाई? नदीतल्या पान्याचा."

ती मला, शहरातून आलेल्या बाईला समजावं म्हणून, सावकाश सांगू लागली. गावाच्या नळाची मोठी पाइपलाइन नदी ओलांडून येते. पात्राच्या मधोमध तिचा एक जॉइंट आहे, वर्षानुवर्षं फुटका. खालच्या गावाला नळाचं पाणी सोडलं की त्या जॉइंटमधून कारंजं उडतं. वरची वाडी चढावर, तिथं नळ आहेत पण पाणी चढत नाही. म्हणून वाडीच्या बायका पाणी यायच्या आधी पात्रात जॉइंटवर कळश्या लावून बसतात. घरातलं पाणी आणि नदीतलं पाणी, अशी दोन पाणी त्यांच्याकडे आहेत. घरातलं कधी येत नाही. नदीतलं दोन दिवसांआड येतं.

"आज सोडायचा दिवस न्हवता," ती म्हणाली, "पन भोंग्यावर सांगितलान म्हनून सगळी वाडी गेली. जपून पन सांगितलान, म्हंजे कमीच सोडतील."

'पाणी जपून वापरा' हे ग्रामपंचायतीच्या टाकीवर फूटभर अक्षरांत रंगवलेलं आहे. ते मी रोज वाचत होते.

सगळी वाडी पात्राच्या मधोमध बसली होती आणि तिला तिथं मी बसवलं होतं, अकरा शब्दांत.

ग्रामसेवकांना फोन लावला. आधी एक गोड आवाजातली बाई मला ओटीपी कुणालाही सांगू नका म्हणाली. तिचं संपेपर्यंत घंटी वाजत नाही. घंटी वाजली, कुणी उचललं नाही. परत लावला. परत ती बाई, परत ओटीपी. तोपर्यंत मी चपला घालून फाटकाबाहेर आले होते. सुपारीवाली मागून विचारत होती, "काय झाला? बाई, काय झाला?" मी चालता चालता सांगितलं, ते पाणी नळाचं नव्हे, धरणाचं. तिनं कळश्या फाटकापाशी टाकल्या आणि ती माझ्यापुढे गेली.

तिसऱ्यांदा फोन लागला.

"मॅडम, मी तालुक्याला मीटिंगमध्ये..."

"धरणावर सांगा, पाणी सोडू नका! बायका पात्रात आहेत!"

"पात्रात? कशाला? मॅडम, त्यांनी तर दरवाजा उघडला. गंजलाय ना, वेळ लागेल म्हणून तीनलाच सुरुवात केली. आत्ताच मेसेज आला, अंगठ्याचं चित्र टाकलंय."

रिक्षावाल्याला लावला. तो दिघीला जेटीवर फेरीबोटीची गिऱ्हाइकं घ्यायला गेला होता, भोंगा घेऊन. "येतो, येतो," म्हणाला. यायला पाऊण तास लागतो.

धरणापासून आमच्या गावापर्यंत नदी किती वेळात येते, हे मला ठाऊक नव्हतं. कोरड्या पात्रात पाणी आधी डबकी भरतं, वाळूत मुरतं, मग पुढे सरकतं. अर्धा तास? एक? सुपारीवाली पदर खोचून जवळजवळ धावत होती. तिला मी एकच गोष्ट विचारली, सून कितव्या नंबरावर असेल. "पैल्या," ती म्हणाली. "ती कायम पैली असते. मीच शिकवलाय तिला."

नदी दिसली तेव्हा ऊन लख्ख होतं. पात्रात गोटे, मधे काळी पाइपलाइन, आणि जॉइंटपासून दोन्ही बाजूंना कळश्यांची रांग. बायका पाइपवर बसून गप्पा मारत होत्या. दोन लहान पोरी गोट्यांवर उड्या मारत होत्या. वरच्या अंगाला नदी वळते, त्या वळणापलीकडचं काही दिसत नाही.

मी काठावरून ओरडले, "बाहेर या! पाणी येतंय!"

"म्हनून तर आलोय!" एकीनं उत्तर दिलं. हशा झाला.

"ते पाणी नाही! पूर येतोय!"

सगळ्यांनी आभाळाकडे पाहिलं. निळं, कोरडं. मेचं आभाळ.

"बाईला ऊन लागला गो. कुनीतरी सावलीत न्या."

"नंबर मोडायला बगते व्हय? बागायतवाल्यांना दोन-दोन नळ, तरी आमच्या जॉइंटवर डोळा!"

मी धरण म्हटलं, दरवाजा म्हटलं, दुरुस्ती म्हटलं. कापलेले सगळे शब्द एकामागून एक परत घातले. धापेत त्यातला एकही धड पोहोचला नाही. दोघीतिघी उठून उभ्या राहिल्या, पण कळशी सोडून कुणी हललं नाही. इथं नंबर माणसाचा नसतो, कळशीचा असतो. कळशी उचलली की गेला. आणि माझ्या सांगण्यावरून कळशी उचलावी, असं मी त्यांच्यासाठी आजवर काय केलं होतं?

वरून आवाज आला. आधी मला वाटलं, माझ्याच कानात आहे. गोट्यांवर गोटे घरंगळल्यासारखा.

सुपारीवाली माझ्या बाजूला दम खात उभी होती. तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि वाडीकडे पाठ करून, जणू तिथून आत्ताच आलीय, अशी हाक दिली:

"अगो, पानी वर आलाय! घरातल्या नळाला आलाय! फोर्सात आलाय, वाहून चाललाय!"

रांग मोडली. कळश्या काखेत, पोरींचे दंड हातात, बायका गोट्यांवरून काठ चढू लागल्या. कुणी कुणाची वाट पाहिली नाही. जी मला ऊन लागलं म्हणाली होती, ती मला ढकलून पुढे गेली.

सून मात्र जागची हलली नाही. ती जॉइंटपाशी उभी होती, हातात एक कळशी, पायाशी दुसरी. सासूला ती ओळखून होती. "आत्या, खरा सांगताव? आपल्या नळाची तोटी तर कवाच गंजलीय."

"ये गो तू आदी!"

"मग पानी आला कसा?"

वळणावर पाणी दिसलं. भिंतबिंत काही नव्हती. तपकिरी, फेसाळ, पुढे पाचोळा आणि लाकडं ढकलत येणारी एक जीभ. मग तिच्यामागे रुंद होत गेलेलं पाणी. सुपारीवाली काठ उतरून पात्रात शिरली. मीही दोन पावलं उतरले आणि एका गोट्यावरून घसरून बसले. ती सुनेपर्यंत पोहोचली, तिचं मनगट धरलं आणि खेचलं. दुसरी कळशी उचलायला सून खाली वाकली, तशी सासूनं तिच्या पाठीत धपाटा घातला. पाणी त्यांच्या घोट्यांशी होतं, मग गुडघ्यांशी. काठाशी आल्या तेव्हा कमरेला लागलं होतं. मी हात दिला. कुणी कुणाला ओढून काढलं, सांगता येणार नाही.

जॉइंट पाण्याखाली गेला. कळशी थोडी तरंगली, आडवी झाली आणि खाडीकडे निघाली.

वाडीत पाणी नाही हे पाहून बायका तणतणत परत आल्या होत्या. काठावर येऊन त्यांनी पाणी पाहिलं. मग बोलू लागल्या, भोंगा कुणाचा, कागद कुणाचा, लिहिणाऱ्याचे हात मोडोत. मी माझ्या खरचटलेल्या कोपराकडे पाहत राहिले. कुणाला काही सांगितलं नाही.

आठवड्यानं ग्रामसेवक अहवाल घेऊन आले. व्याकरण बघा म्हणाले. 'नागरिकांना सुलभ भाषेत पूर्वसूचना देण्यात आल्याने कोणतीही हानी झाली नाही.' 'सुलभ' ऱ्हस्व होता, बरोबर होता. मी 'कोणतीही हानी झाली नाही' खोडलं आणि 'एक कळशी वाहून गेली' असं लिहिलं.

"मॅडम, हे वर चालणार नाही."

"मग सही माझी घ्या. मजकूर माझाच होता."

हे बोलताना पडवीचं दार उघडं आहे, याचं मला भान नव्हतं. ते गेल्यावर मी मागे आले. सुपारीवाली खाली मान घालून सोलत होती. चार सुपाऱ्या झाल्या, पाचवी झाली.

"तो कागद तुमी लिवलेला व्हय?"

"हो."

तिनं सोललेली सुपारी टोपलीत टाकली आणि दुसरी उचलली.

"अक्षर चांगला असंल," ती म्हणाली.