अष्टमीच्या पापडवाल्या आणि आमचं नेतृत्व शिबिर

“एड्सविरोधी कामासाठी गावोगावी नेतृत्व घडवायचं,” असं ऑफिसात ठरलं आणि नव्वदच्या दशकातल्या एका फेब्रुवारीत ते घडवायला मला पेणला धाडलं. वय सव्वीस, खांद्याला झोळी, झोळीत नेतृत्वगुणांचे सात तक्ते. स्वतःबद्दल गैरसमज भरपूर.

तिकडे जाणार असाल तर पनवेलहून एसटी धरा, खिडकी पटकावा आणि पेणला उतरल्यावर आधी खाऊन घ्या. मी मिसळ खाण्यात रमले आणि शिबिराला वीस मिनिटं उशिरा पोचले. डझनभर बायका वाट बघत होत्या. पहिला तक्ता ‘धीटपणे बोला’. ओळखीच्या बायकांशी बोलताय असं समजा, मी म्हटलं. एकजात सगळ्या ताठ उभ्या राहिल्या आणि शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं, “सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग...” सुरू! मीही टाळ्या वाजवल्या, कबूल करते.

त्यांतली वनिताताई रोह्याजवळच्या अष्टमी गावची. नवरा ट्रकवर होता, दोन वर्षांपूर्वी एड्सनं गेला. गावात कावीळ सांगितलेली. हिलाही लागण झाली होती आणि तिच्या पापडगटात कुणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी ती गटाला स्वतःच सांगणार होती. “लपवून दुसरीला काय शिकवू?” असं तिचं म्हणणं. पण तिचं आणि मुलीचं पोट त्या पापडांवर होतं. बायकांनी गटातून उठवलं तर?

सकाळी आम्ही दोघींनी रोह्याची पॅसेंजर धरली. कासू स्टेशनात गाडी इतकी रेंगाळली की वनिताताईनं अख्खं भाषण दोनदा म्हणून दाखवलं. “व्यासपीठ इसरले तर?” तिनं विचारलं. मी खुणावीन म्हटलं.

अष्टमीत एका पडवीत बायका गोल करून उडदाचे पापड लाटत बसल्या होत्या. वनिताताई उभी राहिली. “सन्माननीय व्यासपीठ...”

“कसलं व्यासपीठ गो? हा पाट हाय, बस,” गटाच्या प्रमुख शेवंताकाकू म्हणाल्या. “नि लाटता लाटता बोल. लाट्या सुकतायत.”

ती बसली. दोन पापड लाटले आणि तिसऱ्याला, मान खाली घालूनच, सगळं सांगून टाकलं. नवऱ्याचं, स्वतःचं, आणि शेजारी बसून, एकत्र जेवून हा आजार होत नाही, तेही.

लाटणी थांबली. शेजारच्या सुमननं आपला पोळपाट हळूच लांब सरकवला.

“दोन वरसं तिच्या हातचं खातेस,” काकू सुमनला म्हणाल्या. “काय झालं तुला? चोळी तेवढी घट्ट झाली.”

सगळ्या खदखदून हसल्या. सुमनही हसली, पण पोळपाट तिथंच राहिला. मग खाली बघत तिनं विचारलं, “वने, माझा पण ट्रकवरच हाय. तपासणी कुठं करतात गो?”

त्यानंतर तासभर प्रश्नच प्रश्न. उत्तरं वनिताताईनं दिली. तक्ते झोळीतच होते.

शेवटी काकूंनी पापड भाजला. “घे बाय, वनीनं लाटलेला हाय.” मी हात पुढे केला आणि क्षणभर थबकले. सगळ्यांना शिकवत फिरणारी मी! वनिताताईनं ते बरोबर टिपलं. मी पापड खाल्ला, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू वनिताताईला म्हणाल्या, “उद्या सातला ये, उशीर नको.” ती पुलापलीकडे रोह्यात मला चहा पाजायला आली. खूप वेळ नुसती हसत होती. निघताना हातात पुडकं दिलं. “हापिसात द्या सगळ्यांना. कोनी लाटले ते सांगून द्या.”

घरी परतले आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांपुढे पापड ठेवून, वनिताताई कोण ते सांगितलं. साहेबांना एकदम उपास आठवला. मी त्यांच्यासमोर बसून दोन खाल्ले, आणि उपास सुटेपर्यंत पुडकं त्यांच्या टेबलावरच राहील असं सांगितलं. वनिताताईनं नेमून दिलेलं काम होतं, अर्धवट टाकायची माझी काय बिशाद?