साठातून पन्नास गेले, आणि कुहीची साडेसहाची बस

“वाचा न मॅडम, मराठीतच आहे,” म्हणत आगारातल्या साहेबांनी प्रेसनोट माझ्याकडे सरकवली.

वाचली. ‘नागपूर-कुही मार्गावरील फेऱ्यांत पन्नास टक्के कपात झाली होती. आता साठ टक्के वाढ केली आहे. सबब प्रवाशांना निव्वळ दहा टक्के जादा सेवा मिळत आहे.’

माझ्या शेजारी पल्लवी बसली होती. कुहीची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज नागपुरात, धरमपेठेत. प्रॅक्टिकल संध्याकाळी सुटतं आणि ती साडेसहाच्या बसनं घरी जायची. ती बस कपातीत गेली, आणि या जादा सेवेतही परतली नाही. शेवटची बस आता पाचची. पल्लवी रोज प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळत होती. बाबांनी सांगून टाकलं होतं, या महिन्यात बस आली नाही तर कॉलेज बंद.

“दहा टक्के वाढले तर माही बस कुठं गेली साहेब?” तिनं विचारलं.

“वाढ एकूण आहे बेटा. एकेका बसचं नाही सांगता येत.”

मी प्रवासी संघटनेची पत्रकं लिहिते. टक्के म्हणजे आमचा दारूगोळा, म्हणून त्यांचं एक वैगुण्य मला ठाऊक आहे. टक्का एकटा कधीच नसतो, तो कशाचा तरी असतो. आधी फेऱ्या दहा होत्या. पन्नास टक्के कपात झाली ती दहावर, उरल्या पाच. साठ टक्के वाढ झाली ती या पाचवर, म्हणजे तीन. पाच आणि तीन आठ. दहाच्या आठ झाल्या, याला जगभर वीस टक्के घट म्हणतात. आगारात दहा टक्के वाढ म्हणतात. ताट उचलून न्यायचं, वाटीभर वाढायचं आणि वर विचारायचं, पोट भरलं न?

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“मॅडम, साठातून पन्नास गेले तर किती?”

“दहा.”

“मंग? गणित तर येते तुम्हाले.”

संतापून संघटनेच्या ऑफिसात आले. आमचे अध्यक्ष, त्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांचा मोर्च्यातल्या नाऱ्यांवर जीव. माणूस एक वेळ उपाशी राहील, पण यमक सोडणार नाही.

“वीस टक्के नेले न त्यायनं? मंग झालं. वीस नेले, वीस द्या!”

“दादा, आता वीस टक्के मोजतील ते आठवर. दीड बसच्या थोडं वर होतात. आठाच्या दहा करायला दोन बस लागतात, आणि दोन म्हणजे आठाचे पंचवीस टक्के.”

“नेले वीस अन् मागून राहिली वं पंचवीस? लोक म्हणतीन, संघटना व्याज लावते. अन् ‘वीस नेले, पंचवीस द्या’ म्हणून पाह्य एकदा. मोर्च्याले दम लागते.”

नारा छापला गेला. मोर्चा निघाला. साहेब स्वतः दारात आले, निवेदन घेतलं आणि जागेवरच म्हणाले, “मागणी मंजूर. जशीच्या तशी.” इतका आज्ञाधारक अधिकारी मी आजवर पाहिला नव्हता. दादांच्या गळ्यात हार पडला.

आठवर वीस टक्के म्हणजे एक पूर्णांक सहा दशांश. “दशांशाची बस आमच्याकडे नाही,” साहेब म्हणाले आणि एकच वाढवली. दुपारी बाराची.

संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. “ताई, नारा तर मीबी दिला. जितलं कोण?”

पुढचं पत्रक मी दादांना न दाखवता लिहिलं. त्यात टक्का नव्हता, नाराही नव्हता. ‘कुहीची साडेसहाची बस होती. ती बंद आहे. ती सुरू करा.’ ते घेऊन पल्लवी आणि त्याच रस्त्यावरच्या गावांतल्या मुली आगारातल्या साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर रोज साडेसहाला जाऊन बसू लागल्या. बस लागेपर्यंत इथंच, म्हणाल्या. त्यांना तिथं सोडून साहेबांनाही मग घरी जायला उठता येईना.

“हे असं नाही चालत मॅडम. किती टक्के वाढ पाहिजे, ते सांगा.”

“टक्क्यात बसून घरी जाता येत नाही साहेब.”

त्यांनी पत्रक उलटून पाहिलं. मागंही काही नव्हतं. कपात करायला आकडा सापडेना. त्याच आठवड्यात साडेसहाची लागली, आणि पल्लवीचं प्रॅक्टिकल पुरं होऊ लागलं.

पाठोपाठ नवी प्रेसनोट आली. आधी साठ टक्के, मग वीस, आता नऊवर एक म्हणजे अकरा. एकूण एक्क्याण्णव टक्के वाढ. मार्गावर आधी दहा बस होत्या, आताही दहाच आहेत.

दादांनी तिचं पेपरातलं कात्रण फ्रेम करून ऑफिसात लावलं आहे. आलेल्या माणसाला आधी तेच दाखवतात. मी आपली पाहुण्यांना हळूच सांगते, टक्का कोणीही सांगो, आगार सांगो की आम्ही, आधी विचारा कशाचा. आणि मागायची वेळ आली की बसच मागा, वेळेसकट.