साडेअकराव्या मात्रेवरची झांज

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या परळच्या चाळीत लोक एका जिन्याला घाबरून लांबच्या जिन्याने जायचे, तेव्हा मी मुद्दाम त्याच पायऱ्यांवर बसून वडापाव खायचो. असो.

मी पेटी वाजवतो आणि छोट्या धुना बांधतो. जेमतेम मिनिटभराच्या, शब्द नाहीत, नुसती वाद्यं. खोड एकच... ताल सरळ नको. सात, तेरा, साडेनऊ मात्रा. ढोलकीवर बंड्या, माझा तीस वर्षांचा दोस्त आणि तितक्याच वर्षांचा शत्रू. गेल्या उन्हाळ्यात मी साडेअकरा मात्रांची धून बांधली आणि बंड्या अडकला. अकरा मोजून झाल्या की त्याचा हात आपोआप समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, पडायचा. उरलेली अर्धी मात्रा थांबणं काही जमेना. खरं सांगायचं तर मलाही.

तिसऱ्या रविवारी दुपारी चारला तो म्हणाला, "आज शेवटचं. नाही बसलं तर मी मोकळा. हळदीला वाजवीन, लोक नाचतील तरी."

"जा ना मग."

"जाणारच आहे. चहा झाला की."

वरवर मस्करी, पण ढोलकीची खोळ त्याने जवळ ओढून ठेवली होती.

आता भिंतीवरच्या खिळ्याबद्दल सांगायला हवं. तिथे माझ्या वडिलांच्या झांजा लटकतात, त्यांच्याच पंच्यात गुंडाळून, वर घट्ट गाठ. माणूस गेला की त्याच्या झांजा बांधून ठेवायच्या, ही आमच्या भजनी मंडळाची रीत. बाबा मिलमध्ये होते आणि भजनात कायम अर्धी मात्रा उशिरा. सगळे हसायचे. एका गणपतीत तर मीच त्यांच्या हातातून झांजा काढून घेतल्या. "बाबा, आज तुम्ही नुसतं ऐका." ते "बरं" म्हणाले आणि पुन्हा कधी वाजवायला बसलेच नाहीत.

मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं, सुरुवात केली. अकरा झाल्यावर बंड्या घाईने समेवर आला... आणि त्याच्या मागून, बरोब्बर अर्ध्या मात्रेने — छन्. पुढच्या आवर्तनात पुन्हा छन्. तिसऱ्या वेळी बंड्याने हात रोखला, त्या आवाजाची वाट पाहिली आणि त्याच्यासोबतच समेवर आला. मग काय, मिनिटाची धून मी तीन मिनिटं वाजवली.

बायको चहा घेऊन बाहेर आली. "अहो, झांज कोण वाजवतंय?"

आम्ही खिळ्याकडे पाहिलं. पंचा तसाच, गाठ तशीच.

"तुझो म्हातारो रे," बंड्या हळूच म्हणाला. "अजून उशिराच येता."

"उशिरा नाही," मी म्हणालो. "तू लवकर येत होतास."

बंड्याने खोळ पायाने पलंगाखाली सरकवली आणि चहा घेतला.

रेकॉर्डिंगमध्ये झांज स्वच्छ ऐकू येते. शेजारी विचारलं, खाली बघितलं, कुणाचा टीव्ही लागला होता का तेही तपासलं. एक्स्प्लनेशन आजतागायत नाही. अधूनमधून, रविवारी, झांज अजून येते. बंड्या म्हणतो, आता साडेतेराची बांध. मी म्हणतो, थांब जरा... बाबांना आत्ता कुठे त्यांचा ताल मिळालाय. वाजवू दे त्यांना पोटभर.